वहिनीचा अभिप्राय

माझी वहिनी रक्तपेढीत नोकरीला होती, पण तिने आयुष्यात कुणाच्या दंडाला सुई टोचली नाही. ती तिथल्या संगणकाचा प्रोग्रॅम लिहायची. कोणती पिशवी कोणत्या रोग्याला चालेल, कोणत्या पिशवीची मुदत संपली, कोणती तपासणी झाल्याशिवाय बाहेर जाता कामा नये, हे सांगणारा प्रोग्रॅम. तो तिने लग्नाआधी लिहायला घेतला आणि मुलगी कॉलेजात गेली तरी तो लिहून संपला नव्हता. दादा म्हणायचा, "मला दोन लेकी. एक बोलते, एक बोलत नाही. न बोलणारीचे लाड जास्त."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो. मी पडदे शिवते. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची आणि घरी मशीनवर बसायचं, असं माझं काम. मी लग्न केलं नाही, त्यामुळे आम्ही पहिल्यापासून एकाच घरात राहिलो. नवी लग्न होऊन आली तेव्हा वहिनी मला चेष्टेने 'वन्सं' म्हणायची, जुन्या नाटकात म्हणतात तसं. पुढे चेष्टा गेली आणि हाक तेवढी राहिली.

तिच्या कामातलं मला काही कळायचं नाही, पण ती कामात असली की कळायचं. भाजी चिरता चिरता सुरी थांबायची. नजर समोरच्या फरशीवर. आपण काही विचारलं तरी उत्तर नाही. मग एकदम "हां" म्हणायची आणि सुरी पुन्हा चालू व्हायची. सुट्टीच्या दिवशी ऑफिसातून फोन आला तर ती दाराशी डोळे मिटून उभी राहायची आणि कोणत्या फाइलमध्ये कुठपर्यंत खाली जायचं, तिथे काय दिसेल, ते न बघता सांगायची. सगळा प्रोग्रॅम तिच्या डोक्यात होता, एखाद्या बाईला आपलं माहेर आठवावं तसा.

मग तिचं डोकं दुखायला लागलं. आधी आम्ही चष्म्यावर ढकललं. चष्मा बदलला, तरी दुखणं तसंच. एकदा जिना उतरताना तिचा पाय नाही त्या पायरीवर पडला आणि ती बसली ती बसलीच. तपासण्या झाल्या. डोक्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गाठ वाईट जातीची नाही, पण वाईट जागी बसलीय." दादा त्या दिवशी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये शिरला आणि कोणत्या मजल्यावर जायचं ते बटण दाबायचंच विसरला. दार मिटून आम्ही दोघं तसेच उभे होतो.

शस्त्रक्रिया नीट झाली. ती डोक्याला रुमाल बांधून घरी आली. बोलणं साफ, हातपाय साफ, आम्हा सगळ्यांना ओळखत होती, जुनं सगळं आठवत होतं. भेटायला येणारे म्हणायचे, थोडक्यात निभावलं. आम्हीही तेच म्हणत होतो.

काय गेलं ते मला एका सकाळी कळलं. मी कात्री हातात घेऊन कापडावर वाकले होते. तिला सहज म्हटलं, "वहिनी, गॅस बंद कर, दूध आत ठेव आणि जाता जाता दार ओढून घे." तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी म्हटलं, "काय गं?" ती म्हणाली, "अजून काहीतरी होतं ना?"

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. साठवलेलं सगळं जागच्या जागी आहे. पण काम करताना माणूस चार गोष्टी तात्पुरत्या हातात धरतो, तो हात लहान झालाय. पूर्वी ओंजळ होती, आता चिमूट आहे.

"वाढेल का?" वहिनीने विचारलं.

"थोडीफार. मी फार आशा दाखवणार नाही."

"नका दाखवू," ती म्हणाली. "मला तेवढंच कळायला हवं होतं."

ती पुन्हा कामावर जायला लागली. रोज संध्याकाळी यायची आणि चपला न काढता बाहेरच्या खुर्चीत बसायची. मी विचारायची नाही. एकदा तिनेच सांगितलं. प्रोग्रॅमची फाइल म्हणजे एक लांबलचक कागद असतो, पडद्यावर सरकवत वाचायचा. खालचं वाचायला गेलं की वरचं पुसलं जायचं. वरचं बघायला गेलं की आपण खाली कशासाठी गेलो होतो ते जायचं. दिवसभर ती फाइल वरखाली करत बसायची. एकेक ओळ कळत होती. ओळ तिनेच लिहिलेली. पण दोन ओळी एकमेकींना धरेनात.

शेवटी ती आपणहून साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे तिच्या विभागाचे प्रमुख, अबोल गृहस्थ. ती म्हणाली, "मला मुख्य प्रोग्रॅममध्ये हात घालू देऊ नका. माझ्या हातून चूक झाली तर ती कागदावर राहणार नाही, कुणाच्या तरी शिरेत जाईल."

साहेब म्हणाले, "लेबलं छापायचा प्रोग्रॅम आहे. तो बघा. घाई नाही."

लेबलं म्हणजे पिशवीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या. तेही महत्त्वाचंच काम, पण ज्या बाईने अख्खं घर बांधलं तिला पाटी रंगवायला दिली होती. मुख्य प्रोग्रॅम तिच्या जागी एक तरुण मुलगी बघायला लागली. ती अंगाने बारीक, बोलणं भरभर, म्हणून ऑफिसात तिला चिमणी म्हणत. ती हुशार होती. वहिनी म्हणायची, "माझ्यापेक्षा वेगाने वाचते. फक्त कुठे काय पुरलंय ते तिला माहीत नाही, आणि मला माहीत असून सांगता येत नाही."

हॉस्पिटलात पुनर्वसनाच्या विभागात एक बाई होत्या. शस्त्रक्रियेनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा शिकवायचं त्यांचं काम. त्यांनी वहिनीला एक पद्धत दिली. कोणतंही काम आधी एका मोठ्या शब्दात लिहायचं. त्याच्या पोटात लहान कामं. त्यांच्या पोटात आणखी लहान. आणि बघताना एका वेळी एकाच पोटात बघायचं, बाकीचं झाकून ठेवायचं. स्वयंपाकघरात तिने तसं करून पाहिलं आणि ते जमलं. वरणाला फोडणी घालताना भात कुठे आहे याची काळजी करायची नाही, तो त्याच्या झाकणाखाली आहे.

एक दिवस झाकण हातात धरून ती म्हणाली, "वन्सं, कोडला असं झाकण का नसावं?"

तिने शोधलं. फार शोधावं लागलं नाही, पण सापडलेलं समजायला तिला खूप वेळ लागला. मला सांगताना म्हणाली, "एक एडिटर आहे." मला वाटलं कुठल्या वर्तमानपत्राचा संपादक भेटला. ती कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "अगं, कोड लिहायची पाटी म्हण. दुसऱ्या कुठल्या देशातल्या एका म्हाताऱ्याने एकट्याने बनवलीय. फुकट वाटतो."

तिने मला शेजारी बसवून दाखवलं. पडद्याच्या डाव्या बाजूला नुसते मथळे होते. 'पिशवी आली'. 'तपासणी'. 'रोगी'. 'जुळणी'. मथळ्याला टिचकी मारली की त्याच्या पोटातले मथळे उघडायचे, पुन्हा मारली की मिटायचे. आणि उजव्या बाजूला फक्त त्या एका मथळ्याचा कोड, पाचदहा ओळी. वर काय, खाली काय, दिसतच नव्हतं. लांबलचक कागद राहिला नव्हता. कपाट झालं होतं, खणात खण असलेलं. आणि एक गंमत होती. एकच वस्तू दोन खणांत ठेवता यायची. एका खणात ती दुरुस्त केली की दुसऱ्या खणातलीही दुरुस्त, कारण ती मुळात एकच. मला ते पटेना. मी म्हटलं, "एक पडदा दोन खिडक्यांना कसा लागेल?" ती म्हणाली, "इथे लागतो."

लेबलांचा प्रोग्रॅम तिने त्या कपाटात लावला. लोक म्हणतील एवढ्याशा कामाला इतके महिने कशाला. पण ती रोज बसत होती. हळूहळू संध्याकाळी ती घरात शिरताना चपला काढायला लागली. मग सगळे मथळे साहेबांपुढे ठेवून म्हणाली, "मुख्य प्रोग्रॅमचंही असं करून बघते. पण मी केलेलं काहीही चिमणीने चालवून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. हा नियम माझ्या तब्येतीसाठी नाही, कायमचा करा." साहेबांनी तो केला.

चिमणीला ही व्यवस्था आवडली नाही. नियमाबद्दल तिचं म्हणणं नव्हतं, त्या एडिटरबद्दल होतं. तो आपल्या सोयीसाठी फाइलमध्ये जागोजागी खुणेच्या ओळी टाकून ठेवायचा, इथे खण सुरू, इथे खण संपला, अशा. चिमणी साध्या पद्धतीने काम करायची, तिला त्या ओळी वाचताना मध्ये मध्ये यायच्या.

"मॅडम, तुमच्या खुणा माझ्या डोळ्यांत खुपतात," ती एकदा सरळ म्हणाली.

"मला त्या दिसतही नाहीत," वहिनी म्हणाली. "पण त्या नसतील तर मला काहीच दिसणार नाही. काय करूया?"

चिमणी आपल्या जागेवर जाऊन बसली. काही दिवसांनी तिने आपल्या पडद्यावर त्या ओळी फिक्या दिसतील अशी काहीतरी युक्ती केली आणि विषय काढायचा बंद केला. वहिनीने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात कौतुक होतं. 'बरं' न म्हणता बरं करणारी माणसं तिला आवडायची.

असं वर्षभर चाललं. वहिनी सावकाश काम करायची, पण तिचं काम होत होतं. मग ती गोष्ट घडली.

रक्त दिल्यावर काही रोग्यांना पूर्वी कधी त्रास झालेला असतो. ताप, पुरळ, कधी त्याहून वाईट. अशा रोग्याची नोंद असेल तर प्रोग्रॅमने पिशवी अडवून धरायची आणि डॉक्टरला विचारायचं, असा एक भाग होता. तो वहिनीने दोन खणांत ठेवला होता, 'रोगी' मध्ये आणि 'जुळणी' मध्ये. आवराआवर करताना तिने 'जुनं' नावाची एक मिटलेली फांदी, म्हणजे एक मथळा त्याच्या पोटातल्या सगळ्या खणांसकट, काढून टाकली. निदान तिला तेवढंच आठवत होतं. दुसऱ्या दिवशी चिमणीने नेहमीप्रमाणे चाचणीच्या संगणकावर खोट्या रोग्यांची नावं घालून प्रोग्रॅम चालवला. त्रासाची नोंद असलेला एक खोटा रोगी होता. प्रोग्रॅमने त्याला पिशवी देऊन टाकली, हूं की चूं न करता.

चिमणीने दोनदा चालवून बघितलं. मग ती उठून वहिनीच्या टेबलाशी आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, अडवणारा भाग कुठे आहे?"

तो कुठेच नव्हता. ना या खणात, ना त्या.

कुणाला काही झालं नाही. ते रक्तपेढीच्या खऱ्या संगणकापर्यंत पोचलंच नव्हतं, जुनी प्रत ठेवलेली होती, दुपारपर्यंत तो भाग परत जागेवर आला. पण त्या संध्याकाळी वहिनी आली ती पुन्हा चपला घालूनच खुर्चीत बसली. दादा तिच्यासमोर जमिनीवर बसला.

"खोटा रोगी होता," दादा म्हणाला.

"ते चिमणीमुळे. माझ्याकडून गेला तेव्हा तो खराच होता."

"मग नको जाऊस. सोड. आपलं भागतंय."

वहिनी म्हणाली, "सोडायची असेल तर सोडीन. पण आधी मला कळायला हवं, हे मी केलं की त्या एडिटरने. मीच केलं असेल तर मी तिथे बसता कामा नये. त्याने केलं असेल तर तो म्हातारा हे जगभर वाटतोय, त्याला सांगायला हवं."

साहेबांनीही तिला विचारलं होतं, यापुढे तुम्हाला त्यात हात घालू द्यायचा की नाही. ती म्हणाली होती, आधी शोधून काढू द्या. ते म्हणाले, काढा.

तिने घरी रिकामा प्रोग्रॅम घेऊन तेच तेच करून बघायला सुरुवात केली. एक भाग करायचा, दोन खणांत ठेवायचा, एक फांदी मिटायची, काढून टाकायची. मी शेजारी शिवत बसायची. ती करेल ते तिने मला मोठ्याने सांगायचं आणि मी ते लक्षात ठेवायचं, असं आम्ही ठरवलं, कारण तिला तिच्या लक्षात राहण्यावर विसंबायचं नव्हतं. माझ्यासारख्या पडदेवालीला त्यातला अर्थ कळत नव्हता, पण 'आधी हे, मग ते' एवढं सांगता येत होतं.

हळूहळू चित्र स्पष्ट झालं. खणात ठेवलेला भाग आपोआप कधीच हलत नव्हता. कितीही वेळा केलं तरी नाही. म्हणजे 'जुळणी'तली प्रत 'जुनं' या फांदीत गेली ती वहिनीनेच कधीतरी नेलेली. 'रोगी'तलीही. दोन्ही एकाच मिटलेल्या फांदीत जाऊन बसल्या आणि तिला ते आठवत नव्हतं. पण दुसरीही एक गोष्ट तितकीच खरी होती. शेवटची प्रत जाते आहे, यानंतर ही वस्तू कुठेच उरणार नाही, हे त्या एडिटरला माहीत असूनही तो एक अवाक्षर बोलत नव्हता.

"म्हणजे दोघांचं," मी म्हटलं.

"माझं आधी," ती म्हणाली.

त्यानंतर तिने अभिप्राय लिहायला घेतला. त्या एडिटरचं एक पान होतं, तिथे वापरणारे लोक आपापलं मत लिहायचे. तिने इतरांची मतं वाचली होती. बहुतेक लोक स्तुती करायचे, काही शिव्या द्यायचे. ती आधी आपल्या भाषेत लिहायची, मला वाचून दाखवायची, मग त्या म्हाताऱ्याच्या भाषेत करायची. लिहायचंही त्या मथळ्यांच्या कपाटातच. तिचं लिहिणं मला अजून बरंचसं आठवतं.

"मी तुमचा एडिटर वर्षाहून जास्त काळ रोज कामावर वापरते आहे," अशी सुरुवात होती. "माझ्या डोक्याची शस्त्रक्रिया झाली आहे आणि एका वेळी मला फार थोडं धरून ठेवता येतं. तुम्हाला दया यावी म्हणून हे सांगत नाही. हा अभिप्राय कशा माणसाचा आहे ते तुम्हाला कळावं म्हणून सांगते. इतर लोक लिहितात की यामुळे त्यांचं काम भरभर होतं. माझं भरभर होत नाही. माझं होतं, एवढंच."

पुढे तिने तक्रारी लिहिल्या होत्या, आडपडदा न ठेवता. एखादा शब्द शोधायला सांगितला की एडिटर वाटेतले सगळे खण उघडत जातो आणि मिटत नाही. "मी एक वस्तू शोधते आणि माझ्यापुढे सगळं घर उघडं पडतं. मग दारं लावत बसावं लागतं, आणि दारं लावेपर्यंत वस्तू कशाला हवी होती ते जातं." माहितीपुस्तिका ज्याला सगळं आधीच येतं त्याच्यासाठी लिहिलेली आहे. मथळ्यांची अक्षरं मोठी करायची सोय चौथ्या पोटात लपवलेली आहे. खुणेच्या ओळी काढता आल्या तर बघा, शेजारच्या टेबलावरचं माणूस त्या सोसतं आहे.

आणि शेवटी ती गोष्ट. रक्तपेढीचं नाव न घेता तिने सगळं जसं झालं तसं लिहिलं. "प्रती त्या फांदीत मीच नेल्या असणार. मला आठवत नाही, पण तुमचा एडिटर त्या आपोआप नेत नाही हे मी खूपदा करून पाहिलं आहे. फांदीही मीच काढली. फक्त त्या क्षणी तुमचा एडिटर गप्प बसला. तो बोलला असता तर मी थांबले असते. मला जे माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं."

मी म्हटलं, "स्वतःची चूक एवढी उघड्यावर कशाला मांडतेस? सगळं जग वाचेल."

"अर्धं सांगितलं तर त्याला दुरुस्त काय करायचं ते कळणार नाही," ती म्हणाली आणि तिने ते पाठवलं.

उत्तर लवकर आलं नाही. तोपर्यंत वहिनी लेबलांचंच काम करत होती, आपणहून. मग एक दिवस म्हाताऱ्याचं लांबलचक लिहिणं आलं. तिने मला ते तुकड्या-तुकड्याने सांगितलं. त्याने लिहिलं होतं की हा एडिटर त्याने स्वतःसाठी बनवला, कारण त्याचं डोकं असंच खणांत खण करून चालतं. इतर लोकांना तो आवडतो हे त्याला माहीत होतं. कुणाला त्याच्यावाचून इलाजच नसेल, हे त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. तिचं वाचून तो काही दिवस दुसरं काही करू शकला नाही. 'लक्षात ठेवणं हे तुमचं काम नव्हतं. त्याच्यासाठीच मी हे बनवलं आणि नेमक्या तिथे ते मुकं राहिलं. चूक तुमच्याकडून सुरू झाली असेल, पण ती माझ्या दारातून बाहेर पडली.'

खुणेच्या ओळींना मात्र त्याने साफ नाही म्हटलं. त्या काढल्या तर फाइल पुन्हा खणांत लावता येणार नाही. वहिनीने ते चिमणीला वाचून दाखवलं. चिमणी म्हणाली, "माहीत होतं मला," आणि कामाला लागली.

काही आठवड्यांनी त्याने नवी आवृत्ती आधी वहिनीकडे पाठवली, वापरून बघा म्हणून. आता शेवटची प्रत काढायला गेलं की तो थांबायचा, काय जाणार आहे ते दाखवायचा आणि विचारायचा. शोध संपल्यावर घर पुन्हा होतं तसं मिटायचं. वहिनीने आणि चिमणीने मिळून तो मुद्दाम हरतऱ्हेने चुकवायचा प्रयत्न केला. एका ठिकाणी चुकला, ते त्यांनी कळवलं, त्याने दुरुस्त केलं. साहेबांनी ते सगळं शेवटपर्यंत बघितलं आणि एका सकाळी वहिनीच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "लेबलं आता दुसरं कुणीतरी बघेल." एवढंच बोलून गेले.

पुढची काही वर्षं चांगली गेली असं मी म्हणते. चिमूट ओंजळ झाली नाही. घरी दूध उतू जायचं, दिवे राहायचे, बोलता बोलता वाक्य मध्येच सुटायचं आणि ती हात हलवून "जाऊ दे" म्हणायची. पण प्रोग्रॅम तिच्या आणि चिमणीच्या दोघींच्या हातात राहिला. प्रत्येक मथळ्याखाली वहिनी एक लहानसा खण जास्तीचा करून ठेवायची, तो भाग का आहे हे सांगणारा. काय आहे ते कोड सांगतो, का आहे ते तो सांगत नाही, असं तिचं म्हणणं. स्वतःसाठी लिहीत होती. पण आपल्यानंतर वाचणारं कुणीतरी असेल हे तिच्या मनात असावं. तिने तसं बोलून दाखवलं नाही आणि मी विचारलं नाही.

गाठ पुन्हा आली. या वेळी डॉक्टरांनी जातीबद्दल चांगलं काही सांगितलं नाही. शस्त्रक्रियेच्या आधी वहिनी एकदा ऑफिसात गेली, सगळ्या फांद्या मिटवून आली आणि घरी येऊन लेकीला फोन करून म्हणाली, "परीक्षा झाल्यावर ये. मध्येच पळत येऊ नकोस." ती मध्येच आली.

वहिनी वाचली. उजव्या हातात जोर राहिला नाही आणि वाचलेलं वाक्य शेवटापर्यंत टिकेनासं झालं. नोकरी सुटली. दादाने कामाचे तास कमी केले. मी शिवणाचं मशीन तिच्या खोलीत हलवलं. मशीनचा आवाज तिला आवडतो, निदान ती तक्रार करत नाही. चिमणीने त्या म्हाताऱ्याला कळवलं होतं. त्याने लिहिलं की वहिनीचा अभिप्राय आल्यापासून एडिटरमध्ये नवं काही घालताना तो आधी स्वतःला विचारतो, याने माणसाला आणखी एक गोष्ट धरून ठेवावी लागेल का. लागणार असेल तर घालत नाही. चिमणीने ते आपल्या भाषेत लिहून दिलं आणि मी वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "कोण?" मी सांगितलं. तिने मान हलवली. तिला आठवलं की नाही ते मला कळलं नाही.

चिमणी अधूनमधून येते. आता तिच्या हाताखाली माणसं आहेत, पण ऑफिसात अजून चिमणीच म्हणतात. परवा आली तेव्हा तिच्या बोलण्यात नेहमीची घाई नव्हती. पलंगाशी स्टूल ओढून बसली. रक्तपेढी नवी मशिनं घेते आहे आणि 'जुळणी'ची सगळी फांदी मोडून नव्याने लिहायची की आहे त्यालाच ठिगळ लावायचं, हे तिला ठरवायचं होतं. तिने वहिनीचे मथळे एकेक करून मोठ्याने वाचले, सावकाश, मध्ये थांबत. वहिनी डोळे मिटून ऐकत होती. एकदोनदा तिचे ओठ हलले.

"मोडू का, मॅडम?" चिमणीने विचारलं. "तुमचं आहे सगळं. तुम्ही नको म्हणालात तर नाही मोडणार."

वहिनीने डोळे उघडले. बराच वेळ ती चिमणीकडे बघत होती. मी मशीन थांबवलं.

"मला आता कळत नाही गं," ती म्हणाली. "तुला कळतं. तू ठरव."

चिमणीने वहिनीचा जोर नसलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तशीच बसली. मग म्हणाली, "मोडते."

"बरं," वहिनी म्हणाली.

दादा कामावरून आला तेव्हा चिमणी निघायला उठली होती. तो तिला खाली सोडायला गेला आणि मी दिवा लावला.